नजरेनं शोधणं आणि लक्ष: बेळगाव भागात प्रयोग करू पाहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इथून मानसशास्त्राच्या प्रकल्पासाठी येणारी मुलंमुली आणि त्यांच्या आग्रहाखातर प्रयोगाला बसलेली काका-मावशी मंडळी, अशा दोघांनी मिळून विचारलेले हे प्रश्न. काही उत्तरं लांबली आहेत, कारण प्रकल्प नेमके तिथेच फसतात.

नजरेनं शोधण्यात संशोधन करण्यासारखं काय आहे?

सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसलेली आजी आठवा. काळा खडा असेल तर लगेच दिसतो, मग सुपात मूठभर तांदूळ असो वा दोन शेर. पांढरा खडा असेल तर तांदूळ जितके जास्त तितका वेळ जास्त. डोळे तेच, उजेड तोच, शोधणारी तीच. मग एका शोधाला गर्दी बाधते आणि दुसऱ्याला का बाधत नाही? लक्षाचा अभ्यास करणारे गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं या प्रश्नाभोवती फिरताहेत. येळ्ळूरचा बासमती त्यांनी पाहिला नव्हता, ते पडद्यावर रंगीत अक्षरं टाकत होते, एवढाच फरक.

मग मोजायचं काय?

पडद्यावर काही वस्तू दाखवायच्या. निम्म्या फेऱ्यांत हवी ती वस्तू असते, निम्म्यांत नसते. सहभागी ‘आहे’ किंवा ‘नाही’ची कळ दाबतो आणि संगणक लागलेला वेळ टिपतो. वस्तूंची संख्या मात्र फेरीगणिक बदलत राहायची.

ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड यांचा १९८० सालचा प्रयोग याचा पाया मानतात. पडद्यावर १, ५, १५ किंवा ३० अक्षरं. तपकिरी ‘टी’ आणि हिरव्या ‘एक्स’च्या गर्दीत हिरवा ‘टी’ शोधायचा. म्हणजे अर्धी गर्दी रंगानं त्याच्यासारखी, उरलेली आकारानं. अक्षरं वाढली तसा वेळ सरळ रेषेत वाढत गेला. निळं अक्षर शोधायला सांगितल्यावर मात्र ३० अक्षरांतही वेळ जवळपास तेवढाच लागला. त्यांचं म्हणणं असं, की रंग, आकार, दिशा ही लक्षणं मेंदू सगळीकडे एकदम नोंदवतो, पण त्यांची मोट बांधायला लक्ष त्या जागी न्यावं लागतं.

आता आकड्यांकडे. समजा तुमच्या सहभागीला ४ वस्तूंत ५२० मिलिसेकंद लागले, ८ मध्ये ६२०, १२ मध्ये ७२०, १६ मध्ये ८२०. दर चार वस्तूंमागे १०० वाढले, म्हणजे वस्तूमागे २५ मिलिसेकंद. हा झाला रेषेचा उतार. रेषा मागे नेली तर शून्य वस्तूंपाशी ४२० उरतात: पडदा बघणं, ठरवणं, बोट हलवणं यांचा हा वेळ, गर्दीशी त्याचा संबंध नाही. प्रकल्पात ‘सरासरी वेळ ६७० मिलिसेकंद’ एवढंच लिहून आणता, तेव्हा हे दोन्ही वेळ एकाच पोत्यात भरलेले असतात. उतार वेगळा काढा, उरलेला वेळ वेगळा.

उतार जास्त आला म्हणजे मेंदू एकेक वस्तू तपासतो, हे सिद्ध झालं ना?

नाही, आणि हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो.

‘टी’सारखी आकृती ‘एल’च्या गर्दीत शोधताना वस्तूमागे साधारण २० ते ३० मिलिसेकंद लागतात, आणि ती वस्तू नसलेल्या फेऱ्यांत साधारण दुप्पट. यावरून जुना हिशोब असा मांडत: वस्तू असेल तर सरासरी निम्मी गर्दी तपासून होते तोवर ती सापडते, नसेल तर सगळी तपासावी लागते, म्हणून दुप्पट. ऐकायला चोख आहे. पण सगळ्या वस्तू एकाच वेळी, फक्त गर्दी वाढेल तशा मंद गतीनं तपासल्या, तरी हाच आलेख येऊ शकतो. जेम्स टाउनसेंड यांनी गणितानं दाखवून दिलं, की केवळ वेळेच्या सरासरीवरून या दोन शक्यता वेगळ्या काढता येत नाहीत. सीबीटी बसस्थानकाच्या खिडकीवरची रांग सावकाश सरकते ती कारकून एकच आहे म्हणून, की चार असूनही चौघांत एकच प्रिंटर आहे म्हणून, हे शेवटी उभ्या माणसाला कळत नाही, तसंच.

जेरेमी वुल्फ यांनी १९८९ पासून मांडलेलं प्रतिरूप मधला मार्ग धरतं: रंग-आकाराची ढोबळ नोंद लक्षाला वाट दाखवते आणि लक्ष आधी संभाव्य जागांवर जातं. म्हणून हिरवा ‘टी’ शोधणारा तपकिरी अक्षरांवर फारसा वेळ घालवत नाही. सरळ दोन खण पाडण्यापेक्षा सोप्यापासून अवघडापर्यंतचा सलग पट्टा मानणं मला जास्त पटतं. अहवालात ‘शोध अकार्यक्षम होता, उतार २५’ असं लिहा. ‘मेंदूनं एकेक करून पाहिलं’ हे लिहायचं धाडस करू नका.

आपल्याकडच्या कन्नड-मराठी पाट्यांवर प्रयोग करता येईल का?

येईल की, आणि करावाच. पण दरवर्षी दोन-तीन जण हाच विषय घेतात आणि तीच चूक करतात: खडेबाजारात उभं राहून पाट्यांचे फोटो काढायचे, ‘मराठी पाटी शोधा’ म्हणायचं आणि घड्याळ लावायचं. त्या फोटोंत कन्नड अक्षर वर आणि मोठं, मराठी खाली आणि लहान, इंग्रजी कुठेतरी कोपऱ्यात. मग मिळालेला फरक लिपीचा, की आकाराचा, की जागेचा? काहीच सांगता येत नाही.

सुरुवात सुट्या अक्षरांपासून करा. कन्नड अक्षरांच्या गर्दीत एक देवनागरी अक्षर, आणि उलट, देवनागरीच्या गर्दीत एक कन्नड. दोन्ही दिशा हव्यातच. याला एक जुना धागा आहे. ट्रीझमन आणि जॅनेट सौदर यांनी १९८५ मध्ये दाखवलं होतं, की साध्या वर्तुळांत शेपटीवालं वर्तुळ चटकन सापडतं, पण शेपटीवाल्यांत साधं वर्तुळ शोधायला वेळ लागतो. जास्तीचं काही असणं दिसतं, नसणं दिसत नाही. देवनागरीला शिरोरेघ आहे. कन्नडला सलग रेघ नाही, पण बऱ्याच अक्षरांच्या डोक्यावर तलकट्टू नावाची छोटी खूण असते आणि बाकी अंग गोल. त्यामुळे देवनागरी अक्षर चटकन सापडलं तर श्रेय वाचनाच्या सवयीला द्यायचं की त्या आडव्या रेघेला? एका सहभागी मावशींनी आम्हाला तोंडावरच सांगितलं, “मी अक्षर वाचतच नव्हते बाळा, रेघ बघत होते की.” आमचा पहिला आराखडा तिथेच फाटला.

यातून सुटायचे तीन मार्ग. एक, शिरोरेघ काढलेली देवनागरी अक्षरं घेऊन वेगळी तुकडी चालवा. दोन, अक्षरं उलटी करा: रेघा तेवढ्याच राहतात, ओळख जाते. तीन, दोन्ही लिप्या न येणारे सहभागी मिळवा, उदाहरणार्थ फक्त मल्याळम किंवा बंगाली वाचणारे. बेळगावात सैन्याचं केंद्र आणि इतकी कॉलेजं आहेत, की असे लोक मिळतात. त्यांच्यातही तोच फरक दिसला, तर तो आकाराचा. फक्त इथल्यांत दिसला, तर सवयीचा.

सवयीबद्दल १९९४ सालचं वांग, कॅव्हना आणि ग्रीन यांचं काम वाचा. त्यांचा निष्कर्ष असा, की गर्दी ओळखीची असेल तर त्यातली अनोळखी वस्तू लवकर सापडते, गर्दीच अनोळखी असेल तर त्यातली ओळखीची वस्तूही अवघड जाते. म्हणजे जिच्यात शोधायचं ती गर्दी ओळखीची असण्याला महत्त्व आहे. हे आपल्याकडे लागू पडलं, तर फक्त मराठी वाचणाऱ्याला देवनागरीतलं कन्नड अक्षर लवकर सापडायला हवं, कन्नडातलं मराठी उशिरा. पुष्कळांचा अंदाज नेमका याच्या उलट असतो. प्रयोगाआधी तुमचा अंदाज कागदावर लिहून तारीख टाका, नंतर ‘मला आधीच वाटलं होतं’ म्हणता येत नाही.

सहभागींना ‘कन्नड वाचता येतं का?’ असं विचारलं तर पुरेल का?

इथे नाही पुरणार. हा प्रश्न आपल्या भागात निव्वळ माहितीचा राहत नाही. विचारणारा कोण, आडनाव काय, बरोबर कोण उभं आहे, यावर उत्तर बदलतं. अस्खलित वाचणारा ‘थोडंफार’ म्हणतो, आणि नोकरीच्या ओढीनं शिकलेला ‘चांगलं येतं’ म्हणून पाटीपुरतंच वाचतो. मराठी माध्यमात शिकलेल्यांनाही शाळेत कन्नड असतंच, तेव्हा ‘येतं’ आणि ‘येत नाही’ असे दोन गट पाडणंही खोटं.

त्यापेक्षा मोजा. दोन्ही लिप्यांतल्या सोप्या शब्दांच्या याद्या द्या आणि एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते नोंदवा. प्रत्येकाला दोन आकडे मिळतात, आणि गटांऐवजी त्या आकड्यांशी उताराचा संबंध तपासता येतो. यादी देताना ‘ही परीक्षा नाही’ हे तोंडानं सांगा. मराठी सहभागीला मराठीत, कन्नड सहभागीला कन्नडमध्ये सांगणारा माणूस असेल तर उत्तम.

उर्दू वाचणारे सहभागी असतील तर तेही नोंदवा. देवनागरी, कन्नड, रोमन तिन्ही डावीकडून उजवीकडे जातात, उर्दू उलटी. नजर पडद्याच्या कुठल्या बाजूनं सुरू होते, यावर त्याचा परिणाम होऊ शकतो.

किती माणसं, किती फेऱ्या?

माणसांचा आकडा अपेक्षित फरकावर ठरतो, तो आधी काढा. फेऱ्यांचं सांगू शकतो. वस्तूंच्या चार संख्या, शोधायची वस्तू असणं-नसणं, आणि प्रत्येकी ४० फेऱ्या म्हणजे ३२०. फेरीला तीन सेकंद धरले तर १६ मिनिटं. लिपीच्या दोन्ही दिशा घेतल्या तर ३२. त्याहून लांबवलं की माणसं कंटाळून कळा बडवू लागतात. दर ८० फेऱ्यांनंतर विश्रांती द्या. निम्म्यांना एक दिशा आधी, निम्म्यांना दुसरी, म्हणजे थकवा आणि सराव एकाच बाजूला साचत नाहीत.

महागडी यंत्रं नाहीत. साध्या लॅपटॉपवर होईल?

होईल. सायकोपाय हे मोफत सॉफ्टवेअर पायथनवर चालतं. ओपनसेसमीही मोफत आहे.

साध्या पडद्याचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी. ‘चित्र २० मिलिसेकंद दाखवलं’ असं लिहिणाऱ्यानं एकतर १६.७ दाखवलं असतं किंवा ३३.३. काळ चौकटींत, म्हणजे चित्र किती वेळा बदललं त्यात मोजा. कीबोर्डही थोडा उशीर लावतो, पण घाबरू नका: तो उशीर सगळ्या संख्यांना सारखाच लागतो, त्यामुळे वरच्या उदाहरणात ५२०, ६२०, ७२०, ८२० चे ५४५, ६४५, ७४५, ८४५ झाले तरी उतार २५ च राहतो. आणखी एक कारण, उतार काढा म्हणतो त्याचं.

अंतराचं सोपं सूत्र: डोळ्यापासून ५७ सेंटिमीटरवर पडद्यावरचा १ सेंटिमीटर म्हणजे डोळ्यापाशी जवळपास १ अंशाचा कोन. सुतळी बांधून अंतर कायम ठेवा. हात लांब करून अंगठा धरला तर त्याची रुंदी साधारण २ अंश, आणि नजर सर्वांत स्पष्ट असते ती तेवढ्याच भागात.

आणि वीज. एकदा विसाव्या मिनिटाला लाईट गेली, लॅपटॉपनं बॅटरीवर जाताना पडद्याचा उजेड आपोआप कमी केला, आणि उरलेल्या फेऱ्या मंद पडद्यावर झाल्या. आकडे बघून आम्ही दोन दिवस थकव्याचा सिद्धांत मांडत बसलो होतो. उजेड आपोआप बदलण्याची सोय आधी बंद करा.

मोबाइलवर लिंक पाठवून केलं तर?

अंतर, पडद्याचा आकार, मध्येच येणारा फोन, काहीच हातात राहत नाही. जेएससायक हे साधन वापरून संगणकाच्या ब्राउझरवर करता येतं आणि पुष्कळ प्रयोग तसे होतातही. मोबाइलवर मात्र पहिला प्रकल्प करू नका.

आय-ट्रॅकर नसेल तर लक्षाचा अभ्यास अपुरा नाही का?

आय-ट्रॅकर अवरक्त उजेड डोळ्यावर टाकतो आणि बाहुलीचं केंद्र व बुबुळावरची चकाकी यांच्यातल्या अंतरावरून नजर कुठे आहे ते काढतो. आधी पडद्यावरचे ठिपके बघायला लावून त्याचं मापन जुळवून घ्यावं लागतं. त्यातून कळतं, की नजर सेकंदाला तीन-चार उड्या मारते आणि मध्ये पाव सेकंदाच्या आसपास एका जागी थांबते. अल्फ्रेड यार्बस यांनी दाखवलं, की एकाच चित्रावर वेगवेगळे प्रश्न विचारले तर नजरेचा मार्गही वेगळा होतो. १९६७ मध्ये इंग्रजीत आलेल्या त्यांच्या ग्रंथातल्या त्या रेषा अजून सगळीकडे छापल्या जातात.

पण नजर म्हणजे लक्ष नव्हे. मायकल पोस्नर यांच्या १९८० च्या प्रयोगात सहभागी मधोमध बघत राहायचा. बाण एका बाजूकडे दाखवायचा आणि ८० टक्के वेळा ठिपका तिथेच यायचा. तिथे आला तर उत्तर लवकर, दुसरीकडे आला तर उशिरा. डोळा जागचा हललेला नसताना. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्याकडे न बघता त्याच्या बादलीवर लक्ष ठेवणारे सगळेच हे जाणतात.

उलटही घडतं. २०१३ मध्ये ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि वुल्फ यांनी फुफ्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गोरिलाचं छोटं चित्र घुसवलं. गाठी शोधणाऱ्या २४ रेडिओलॉजिस्टपैकी २० जणांनी तो सांगितला नाही, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांची नजर थेट त्या जागेवर पडलेली होती. त्यामुळे यंत्र नसलं तर रडू नका. आणि असलं तर ‘नजर गेली म्हणजे लक्ष गेलं’ असं लिहू नका.

गोरिलाचा व्हिडिओ तर आम्ही पाहिलाय. तो वापरू का?

डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांचा १९९९ चा तो प्रयोग: चेंडूचे पास मोजणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना खेळाडूंमधून चालत गेलेला गोरिलाच्या वेषातला माणूस दिसला नाही. आता तो इतका फिरलाय, की लोक पासऐवजी गोरिलाचीच वाट बघतात. शिवाय एका माणसाकडून एकच उत्तर मिळतं, दुसऱ्यांदा विचारता येत नाही.

विद्यार्थ्यांना मी लुकलुकत्या चित्रांची पद्धत सुचवतो. रेन्सिंक, ओरीगन आणि क्लार्क यांनी १९९७ मध्ये वापरली: चित्र २४० मिलिसेकंद, कोरा पडदा ८०, मग एक बदल केलेलं तेच चित्र, पुन्हा कोरा पडदा, असं बदल सापडेपर्यंत. गणपत गल्लीच्या फोटोतून एक छत्री गायब करा आणि बघा. समोर चाललेला बदल माणूस कितीतरी वेळ शोधत राहतो, आणि दिसल्यावर स्वतःवरच चिडतो. एकाच माणसाला चाळीस वेगवेगळी चित्रं दाखवता येतात, ही सोय मोठी.

उद्यमबागेतल्या कारखान्यात कास्टिंग (ओतीव धातूचे भाग) तपासायचं काम करतो. याचा तिथे काही उपयोग?

याच शाखेतला मला सर्वांत उपयोगी वाटणारा प्रयोग तुमच्याच कामाबद्दल आहे. वुल्फ, होरोविट्झ आणि केनर यांनी २००५ मध्ये सामानाच्या तपासणीसारखी चित्रं दाखवली. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत होती तेव्हा सुमारे ७ टक्के निसटल्या. ती १ टक्का चित्रांतच ठेवली तेव्हा सुमारे ३० टक्के निसटल्या. माणसं तीच, चित्रं तशीच. वस्तू क्वचित असली, की ‘नाही’ म्हणायची घाई होते.

शंभरात एखाद्याच कास्टिंगला ब्लोहोल (हवेनं पडलेलं छिद्र) असेल, किंवा वडगावच्या मागावर दिवसभरात एखादाच धागा चुकत असेल, तर तीच परिस्थिती. म्हणून आधी कॉलेजातल्या निम्म्या-निम्म्या फेऱ्यांच्या प्रयोगात ‘आमचे कामगार ९३ टक्के अचूक’ निघाले, हे कारखान्यात जाऊन सांगू नका.

इथे बरोबर-चूक एवढं मोजून भागत नाही. दोष असताना ‘आहे’ म्हणणं आणि नसताना उगाच ‘आहे’ म्हणणं, हे दोन आकडे वेगळे नोंदवा. त्यांवरून संकेत-शोध सिद्धांतानं दोन गोष्टी सुट्या होतात: माणसाला फरक दिसतो किती, आणि ‘आहे’ म्हणायला त्याचा हात किती आखडतो. क्वचितपणाचा फटका बहुतेक दुसऱ्या गोष्टीला बसतो. त्यावर ‘डोळे उघडे ठेवून बघा’ अशी तंबी देऊन काय होणार?

चुकलेल्या फेऱ्या टाकून द्यायच्या?

वेळेच्या हिशोबातून काढा, अहवालातून नको. मोठ्या गर्दीत सहभागी लवकर उत्तर देतो आणि जास्त चुकतो, असं असेल तर तुमचा सपाट उतार खोटा आहे; त्यानं वेळ वाचवून चुका विकत घेतल्या. वेळ आणि चुका शेजारी शेजारी मांडा. अतिलांब फेऱ्या कुठे कापायच्या तेही आकडे बघायच्या आधी ठरवा.

रंगांधळ्या माणसांचं काय?

लाल-हिरव्याचा गोंधळ पुरुषांत बराच जास्त आढळतो. प्रयोगात रंग असेल तर आधी इशिहारा तक्ते दाखवा. छापील तक्ते हवेत, झेरॉक्स नाही. हसू नका, झालंय तसं.

परवानगी लागते का? संमतीपत्र कुठल्या भाषेत?

कॉलेजच्या नैतिकता समितीची परवानगी आधी, सहभागी नंतर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं बघा. संमतीपत्र सहभागीला कळेल त्या भाषेत द्यायचं, म्हणजे आपल्याकडे मराठी आणि कन्नड दोन्ही तयार ठेवायचं आणि निवड त्याच्यावर सोडायची. मध्येच उठून जाण्याची मुभा स्पष्ट लिहा. मुलं असतील तर पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही. नावाऐवजी क्रमांक वापरा.

माझ्या मुलाचं अभ्यासात लक्ष नाही. या प्रयोगात कळेल का?

नाही. अनेकांच्या सरासरीतून एखादी प्रक्रिया समजून घ्यायला हे प्रयोग असतात, एका मुलाचं निदान करायला नाहीत. काळजी वाटत असेल तर बालरोगतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला दाखवा. मुलाला सहभागी म्हणून आणलं तर स्वागत आहे, पण त्याचे ‘मार्क’ आम्ही सांगणार नाही.

प्रयोगाला येताना काय आणायचं?

चष्मा. वाचायचा वेगळा असेल तर तोच. जेवून लगेच येऊ नका, झोप येते. मोबाइल दाराजवळच्या टोपलीत ठेवावा लागेल. झाल्यावर चहा मिळेल, कुंदा मात्र शेवटचा सहभागी संपल्यावरच.